बॅटरीची तब्येत

दर रविवारी सकाळी, चहा गार व्हायच्या बेताला, दादाचा फोन यायचा आणि दादा विचारायचा, "बॅटरी कशी आहे?"

"बरी आहे," धाकटा म्हणायचा.

"दिवा हिरवा?"

"हिरवा."

"बरं."

मग दोघं भाऊ थोडा वेळ आपापल्या देशातली शांतता एकमेकांना ऐकवायचे आणि फोन ठेवायचे.

धाकटा हे काही त्याचं कागदोपत्री नाव नव्हतं. घरात दोघंच भाऊ, त्यातला हा नंतर आलेला, एवढाच त्याचा गुन्हा. आता कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण एकदा धाकटा ठरलेल्या माणसाला बढती मिळत नाही.

या घराण्यात माया थेट बोलून दाखवायची पद्धत नव्हती. वडिलांनी आयुष्यभर दोन्ही मुलांशी पाण्याच्या टाकीवरून संबंध ठेवले. मुलगा परीक्षेला निघाला, की वडील म्हणणार, "टाकी भरली का?" मुलाला पहिली नोकरी लागली, की "टाकी भरली का?" दादाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी होणाऱ्या सुनेकडे एकदा नीट पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "आता टाकी लवकर रिकामी होणार." आई बाजूला उभी राहून हळूच अर्थ सांगायची. "ते म्हणतायत, जपून जा." "ते म्हणतायत, फार आनंद झाला." आई गेली तेव्हा भाषांतराची सोय गेली. वडील गेले तेव्हा टाकीही गेली, कारण इमारतीने आपोआप भरणारी नवी टाकी बसवली आणि त्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही. दोघं भाऊ एकमेकांसमोर बसायचे आणि पंख्याकडे बघायचे.

त्यामुळे दादा नोकरीसाठी परदेशी निघाला आणि गाडी मागे ठेवून गेला, हे एका अर्थी बरंच झालं.

"सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," दादा निघताना म्हणाला होता. "तोवर फक्त बॅटरी उतरू देऊ नकोस. मी आलो, किल्ली फिरवली आणि निघालो, असं पाहिजे."

सहा महिने केव्हाच होऊन गेले. मग काम लांबलं. मग ते आणखी लांबलं. मग दादाने कामाबद्दल बोलणंच सोडलं. पण बॅटरीची चौकशी एका रविवारीही चुकली नाही. धाकट्याचा हिशेब सरळ होता. ज्याला परत यायचं नसतं तो माणूस बॅटरी कशाला विचारेल? दादा विचारतोय तोवर दादा येणार आहे. आणि येईपर्यंत निदान आठवड्यातून एकदा फोन आहे.

धाकट्याला गाडी चालवता येत नव्हती. एकदा शिकायला गेला होता. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याने गाडी कडेला लावून सांगितलं, "तुमच्यात घाई अजिबात नाही. माणूस म्हणून हे फार चांगलं आहे. पण गाडीला थोडी लागते." तेव्हापासून तो चालतच जायचा, आणि जायचं कुठे हाही प्रश्न होताच.

सुरुवातीला दर रविवारी फोनच्या आधी तो खाली जाऊन गाडी चालू करायचा आणि थोडा वेळ स्टिअरिंगला हात लावून बसायचा. पट्टा लावून. तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "काय रे, निघालास कुठे?"

"कुठे नाही."

"मग पट्टा कशाला?"

"नियम आहे, काकू."

एवढं नियमाने वागूनही बॅटरी एक दिवस उतरलीच. किल्ली फिरवली, तर गाडीने घसा खाकरल्यासारखं केलं आणि गप्प बसली. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मिस्त्री आला. त्याने दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून गाडी उठवली आणि धाकट्याची शिकवणी घेतली. "अहो साहेब, नुसती उभ्या उभ्या पाच-दहा मिनिटं चालू करून काय होतंय? चालू करायला जेवढा करंट जातो तेवढाही परत भरत नाही. तुम्हाला वाटतं तुम्ही तिला जेवू घालताय. तुम्ही तिच्या ताटातलं खाताय. एक तर चांगली तासभर फिरवून आणा, नाहीतर चार्जर लावून ठेवा."

तासभर फिरवून आणणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून चार्जर आला. डब्याएवढा, काळा. घरातल्या प्लगवर लावायचा, त्याचे दोन चिमटे बॅटरीला, की तो आपला थेंब थेंब करंट देत राहतो. भरली की स्वतःच थांबतो, जरा उतरली की पुन्हा द्यायला लागतो. भरत असताना तांबडा दिवा, भरल्यावर हिरवा. धाकट्याने पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली गाडीपर्यंत सोडली. दुसऱ्या दिवशी त्या वायरीवर काकूंचे मोजे वाळत होते.

"करंट लागत नाही ना रे?" काकूंनी विचारलं. मोजे वाळत घालून झाल्यावर.

"नाही."

"मग झालं तर. एवढी छान दोरी फुकट कशाला घालवायची?"

चार्जर गुणी निघाला. फारच गुणी निघाला. दिवा कायम हिरवा. आता 'बरी आहे' याच्या पुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही. पूर्वी निदान चालू केली, आवाज आला, धूर आला, एवढं तरी बोलणं व्हायचं. आता दादा विचारायचा, धाकटा 'हिरवा' म्हणायचा, आणि चहा गार व्हायच्या आत फोन संपायचा. चहा गरम प्यायला लागणं ही धाकट्याला त्या काळात झालेली एकमेव सुधारणा.

बाकी आठवडा कामाचा. धाकटा माहितीपत्रकं लिहायचा. मिक्सर घेतला, इस्त्री घेतली, की खोक्यात जी घडी केलेली पुस्तिका येते आणि जी कुणी उघडत नाही, ती. 'भांडे रिकामे असताना यंत्र चालू करू नये.' 'ओल्या हाताने स्पर्श करू नये.' काम घरूनच. वाचणारं कुणी नाही, भेटणारं कुणी नाही, चुकलं तर ओरडणारंही कुणी नाही. पुस्तिकेच्या शेवटी जो तक्ता असतो, अडचण, कारण, उपाय, त्यात त्याचा हातखंडा होता. कुठल्याही यंत्राला काय काय होऊ शकतं हे तो यंत्र न बघता सांगायचा. पण हे सगळं लेखी. तोंडी असं म्हणाल, तर आठवड्याभरात त्याच्या तोंडून निघणारं सर्वांत लांब वाक्य म्हणजे पार्सलवाल्याला उद्देशून 'दाराशीच ठेवा'. एकदा आवाज शाबूत आहे ना हे बघायला त्याने रिकाम्या घरात "हॅलो" म्हटलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून उगाच ओशाळला.

अशाच एका आठवड्यानंतरच्या रविवारी दादाने विचारलं, "बॅटरी कशी आहे?"

आणि धाकट्याच्या तोंडून, काहीही ठरवलेलं नसताना, निघून गेलं, "जरा मलूल वाटतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मलूल म्हणजे?"

"म्हणजे दिवा हिरवाच आहे. पण मनापासून नाही."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

"गुरुवारी काही वेगळं झालं होतं का?"

धाकट्याने आठवून पाहिलं. त्याच्या गुरुवारी कधीच काही वेगळं होत नसे. "पार्सल आलं होतं," तो म्हणाला.

दादाने त्यावरही विचार केला. मग कुठली वायर, चिमटे घट्ट आहेत का, पाणी कमी झालंय का, ऊन लागतं का, असं एकेक निघत गेलं. फोन ठेवला तेव्हा चहावर जाडजूड साय धरली होती. धाकट्याने तो सायीसकट पिऊन टाकला. त्याला तो चहा फार आवडला.

बुधवारी फोन वाजला. बुधवारी! धाकट्याला वाटलं कुणीतरी गेलं.

"आता कशी आहे?" दादाने विचारलं.

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. शिवाय धाकट्याकडे मालाला तोटा नव्हता. टेबलावर अडचण-कारण-उपायांची चळत पडलेली. त्याने मिक्सरच्या पुस्तिकेतून एक उचललं. "सुरुवातीला गुरगुरते, मग एकदम गप्प होते." रविवारी इस्त्रीतून एक. "तळाशी तपकिरी डाग दिसतोय." त्याच्या पुढच्या आठवड्यात हात जरा सैल सुटला आणि कपडे धुण्याच्या मशीनमधलं आलं. "शेवटच्या फेरीत थरथरते."

"बॅटरीला फेरी असते?" दादा म्हणाला.

"तेच तर माझ्या लक्षात येत नाहीये."

दादा शाळेपासून हुशार, पण गाडीच्या पुढचं झाकण कुठून उघडतं हे त्यालाही सापडत नसे. तो तिकडे ऑफिसात एकेकाला गाठून विचारायला लागला. "आमच्याकडचा एक जण म्हणतो, जोडावर पांढरी पूड साचते. कोमट पाण्याने पुसून बघ." धाकट्याने खरंच पुसलं आणि कळवलं, "थोडा आराम पडलाय." दादाने सुटकेचा नि:श्वास सोडला. तो इतका खरा होता, की धाकट्यालाही आराम पडला.

आणि मग, दोन लक्षणांच्या मध्ये, दादा एकदा आपसूक बोलून गेला. "इथे थंडी फार आहे. सगळे दारं लावून आत बसतात. शेजारी कोण राहतं ते अजून बघितलं नाही."

एवढंच. लगेच तो चिमट्यांवर आला. पण धाकटा दिवसभर ते वाक्य घेऊन घरात फिरत होता. संध्याकाळी काकूंना जिन्यात गाठून त्याने सांगितलं, "दादाकडे थंडी फार आहे."

"असेल," काकू म्हणाल्या.

एकदा वहिनीने मध्येच फोन हिसकावून घेतला. "भाऊजी, तुमच्या त्या बॅटरीने यांना वेड लावलंय हो. जेवताना तेच, झोपताना तेच. मी तापाने फणफणले होते तेव्हा एवढी चौकशी नव्हती केली."

"आता बरं आहे का?"

"कुणाला? बॅटरीला तुम्हीच बघताय ना?"

"तुम्हाला."

 "मला बरंय," वहिनी वेगळ्याच आवाजात म्हणाली. "या घरात हे पहिल्यांदा विचारलं कुणी." आणि तिने फोन परत देऊन टाकला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दादाने काळजीपोटी भलतंच केलं. परस्पर मिस्त्रीला फोन लावला आणि गाडी बघून यायला सांगितलं.

मिस्त्री मीटर घेऊन हजर झाला. झाकण उघडलं, मीटरच्या दोन सुया लावल्या, आकडा वाचला आणि धाकट्याकडे वळून म्हणाला, "हिला काय धाड भरलीय?"

"काही नाही का?"

"बारा पॉइंट सात व्होल्ट. साहेब, माझ्या स्वतःच्या गाडीची एवढी नसते. तुमचे दादा म्हणाले थरथरते. बॅटरी थरथरते? मी म्हटलं बघायलाच पाहिजे, उभ्या जन्मात बघितली नाही. पोराबाळांना घेऊन येणार होतो."

धाकट्याने इकडेतिकडे पाहिलं. काकू खिडकीत होत्याच, पण त्या मोज्यांकडे बघत असल्याचं नाटक उत्तम करत होत्या. "दादाला सांगता का, की आहे थोडं काहीतरी?"

"का?"

"म्हणजे... तो विचारतो मग. फोन करून."

मिस्त्रीने मीटर गुंडाळला. "साहेब, चांगल्या गाडीत खोट काढणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्याला माझी ना नाही. पण मी काहीतरी बदलतो तरी. काहीच न बदलता नुसतं आजारी म्हणून सांगायचं, हे माझ्या तत्त्वात बसत नाही."

"मग काहीतरी बदला."

मिस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि वायपर बदलला. मग तिथूनच दादाला फोन लावला. "हां साहेब, बघितली. आहे थोडं. पण मी वायपर बदललाय."

पलीकडून दादाने काहीतरी विचारलं.

"संबंध म्हणजे काय साहेब, गाडीत सगळ्याचा सगळ्याशी असतो," मिस्त्री म्हणाला आणि फोन ठेवला. मग हात पुसत त्याने धाकट्याला विचारलं, "पण मला एक कळत नाही. सख्ख्या भावाशी बोलायला बॅटरी कशाला लागते?"

"आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"असेल बाबा," मिस्त्री समजूतदारपणे म्हणाला. "मी आणि माझा भाऊ कोर्टात भेटतो."

पुढच्या रविवारी फोन आला तो वेळेवर, पण दादाने बॅटरी विचारलीच नाही. धाकटा 'मध्येच फसफसते' हे फ्रिजच्या पुस्तिकेतलं तयार ठेवून बसला होता, ते तोंडातच राहिलं.

"मी विचार केला," दादा म्हणाला. "तुझ्यामागे किती दिवस ही कटकट लावायची? एक झालं की एक चाललंय तिचं. विकून टाकू गाडी. मिस्त्रीशी बोललो, त्यानेच गिऱ्हाईक दिलंय. एक बाई आहेत, गाडी चालवायला शिकवतात. येत्या रविवारी येतील. तू फक्त किल्ली दे."

"मला काही कटकट नाही."

"तू म्हणणारच."

"आणि तू आल्यावर? तुला गाडी लागेल ना?"

"आल्यावर बघू," दादा म्हणाला.

त्या घरात लहानपणापासून 'बघू'चा अर्थ दोघांनाही पाठ होता. सायकल बघू. सहल बघू. बघू म्हटलेली एकही गोष्ट कधी कुणाला दिसली नव्हती.

तो आठवडा धाकट्याने एकही ओळ लिहिली नाही. पुस्तिकेतल्या तक्त्यांनी त्याला दगा दिला होता. आजार इतके झकास लावले, की घरच्यांनी रोग्याची आशाच सोडली. शेवटी शनिवारी दुपारी त्याने निर्णय घेतला. बॅटरी उतरवायची. बाई येतील, किल्ली फिरवतील, गाडी खाकरेल, बाई नाक मुरडून निघून जातील. तो खाली गेला, चार्जरचे चिमटे काढले, गाडीचे पुढचे दिवे लावले आणि वर येऊन बसला.

बसला म्हणजे खुर्चीला टेकला. लगेच उठून खिडकीतून बघितलं. भर उन्हात दिवे जळत होते, कुणाला काही दाखवत नव्हते. तो आत गेला, परत आला. मग खाली जाऊन झाकणावर हात ठेवून आला. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"अरे, दिवे राहिलेत तुझे!" काकू ओरडल्या.

"माहितेय!"

"मग घालव की!"

त्याने आणखी थोडी कळ काढली. मग जिना उतरला, दिवे घालवले, चिमटे जागच्या जागी लावले. खुनाच्या तयारीने गेलेला माणूस पेशंटला औषध पाजून परत आला. वर खिडकीशी उभं राहून तांबड्याचा हिरवा होईपर्यंत तो बघत राहिला.

रविवारी बाई यायच्या आधीच दादाचा फोन आला. "आल्या का?"

"नाही अजून." आणि मग, चहाकडे बघत, "दादा, बॅटरीला काही झालेलं नाही."

"म्हणजे आता बरी आहे?"

"म्हणजे कधीच काही झालं नव्हतं."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "ते थरथरणं?"

"कपडे धुण्याच्या मशीनचं."

"गुरगुरणं?"

"मिक्सरचं."

"आणि डाग?"

"इस्त्री."

"त्या डागाबद्दल मी इथल्या माणसाला विचारलं," दादा सावकाश म्हणाला. "त्याने त्याच्या काकांना विचारलं. ते हॉस्पिटलात होते. तिथून त्यांनी कळवलं, की असा डाग कधी ऐकला नाही."

"कसे आहेत काका?"

"ते सोड. का केलंस पण?"

"बरी आहे म्हटलं, की तू फोन ठेवतोस."

दादा खरं बोलणारा माणूस. त्याने या म्हणण्याचा सगळ्या बाजूंनी विचार केला. "हो," तो म्हणाला. "ठेवतो."

"मग आता विकायचं काही कारण नाही ना?" धाकट्याने घाईने विचारलं. "ठणठणीत आहे ती. मी बघतो तिचं. तू येईपर्यंत काय, पुढेही बघतो."

"विकायचीच आहे रे," दादा म्हणाला. "आम्ही नाही येणार. इथेच राहायचं ठरलंय. ठरून वर्ष होऊन गेलं."

खाली कुणीतरी फाटकाची कडी वाजवत होतं. धाकट्याला ती ऐकू येत होती, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरची असावी तशी.

"वर्ष," तो म्हणाला. "मग दर रविवारी बॅटरी कशाला विचारत होतास?"

"दुसरं काय विचारणार होतो?" दादा म्हणाला.

 मग काकूंनीच खालून हाक मारली, "अरे, बाई आल्यात गाडीच्या! ये लवकर, मी बसवून घेतलंय त्यांना!" आणि त्या निमित्ताने दोघांनी फोन ठेवला.

बाई खमक्या होत्या. त्यांनी टायरला एक लाथ घातली, दार उघडून आत बसल्या आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला उठली. इतकी तत्पर, की धाकट्याला ते जरा लागलंच.

"वा!" बाई म्हणाल्या. "एवढे दिवस उभी होती म्हणे? काय केलंत काय?"

"विशेष काही नाही. विचारपूस."

"चालवता येते का तुम्हाला?"

"नाही."

"मग कशाला एवढं जपलंत?" बाईंनी विचारलं, पण उत्तराला थांबल्या नाहीत. घाईचा माणूस. त्यांनी आरसा स्वतःच्या मापाने वळवला, गाडी मागे घेतली, एका दमात फाटकातून काढली आणि ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. चार्जरचे दोन चिमटे जमिनीवर पडले होते, तोंडं उघडी टाकून.

"वायर काढणार का रे?" काकूंनी विचारलं. "काढणार असलास तर सांग. मोज्यांचं बघावं लागेल."

"राहू दे," धाकटा म्हणाला.

त्यानंतरचा रविवार उजाडला तसा नीट उजाडला. धाकट्याने चहा केला आणि फोन शेजारी ठेवून बसला. चहा गार व्हायच्या बेताला आला. बेत पार पडला. चहा गार झाला. फोन नाही. त्याने फोन उचलून चालू आहे ना हे बघितलं. चालू होता, भरलेला होता, त्याला काहीही झालं नव्हतं.

धाकट्याने सवयीने मनातल्या मनात तक्ता आखला. अडचण: फोन येत नाही. कारण: विषय नाही. उपाय. इथे तो अडला. पोळलेल्या इस्त्रीपासून अडकलेल्या मशीनपर्यंत सगळ्याला त्याने उपाय लिहिले होते. काहीच सुचलं नाही, तर 'जवळच्या केंद्राशी संपर्क साधावा' असं लिहून मोकळा व्हायचा.

आजवर फोन कायम दादाचाच आलेला. धाकट्याने स्वतः कधी केलाच नव्हता, कारण बॅटरी दादाची, विचारणार दादा. त्याने नंबर लावला.  वहिनीने उचलला.

"काय हो भाऊजी, काय झालं? गाडीचं काही?"

"नाही. गाडी गेली."

"मग?"

"काही नाही. सहज."

"सहज?" वहिनी म्हणाली. या घराण्यात हा शब्द तिने प्रथमच ऐकला असावा. मग तिने आत हाक मारली, "अहो, भाऊजींचा फोन! ... काही नाही म्हणतात. ... अहो खरंच काही नाही!" आणि पुन्हा फोनमध्ये, आवाज बारीक करून, "सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेत. लावा म्हटलं, तर म्हणतात, लावून विचारू काय?"

दादा आला. "काय रे? काय झालं?"

"काही नाही झालं."

"बरं."

दोन्हीकडची शांतता सुरू झाली. धाकट्याने खिडकीतून खाली पाहिलं. जिथे गाडी उभी असायची तिथे तेलाचा एक डाग, आणि डागाच्या बरोबर मधोमध एक मांजर बसलं होतं.

"मांजर आलंय एक," तो म्हणाला.

"कुठे?"

"गाडीच्या जागेवर."

"आपल्या?" खुर्ची सरकली. "कुणाचं आहे?"

"माहीत नाही."

"मोठं आहे?"

"मध्यम."

"काय खातं?"

"आत्ताच तर आलंय, दादा. मी काय त्याच्याबरोबर जेवलोय?"

"बघ ना मग जरा खाली जाऊन. आजारी-बिजारी नाही ना ते."

"खरं खरं बघू, की—"

"खरंच बघ," दादा म्हणाला. "मी थांबतो. ठेवू नकोस."

धाकट्याने चपला घातल्या, फोन कानाला धरला आणि जिना उतरायला लागला. पलीकडे दादा त्याच्या चपलांचा आवाज ऐकत असावा, कारण काहीच बोलत नव्हता. अर्ध्या जिन्यावर तो एकदम बोलला.

"जेवतोस का रे वेळेवर?"

"कोण, मांजर?"

"तू."

धाकट्याचा एक पाय खालच्या पायरीवर होता, तो तिथेच राहिला. सगळी पुस्तिका पालथी घातली असती तरी याचं उत्तर त्याला तयार सापडलं नसतं. त्याने खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. काल. परवा. त्याच्या आधी.

"थांब," तो म्हणाला. "बघून सांगतो."

आणि तो तिथेच पायरीवर बसला. दादा थांबला.